शाळेचे शेत आणि न्गिटिलीचे रान : टांझानियातील शाश्वत विकासाच्या शिक्षणाचा भाषिक अन्वय

संयुक्त राष्ट्रसंघाने २००५ ते २०१४ हे दशक ‘शाश्वत विकासासाठी शिक्षण’ या कार्यासाठी जाहीर केले आणि त्याची धुरा युनेस्कोकडे सोपवली. पुढे २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सतरा उद्दिष्टांतही या शिक्षणाचा स्वतंत्र उल्लेख आला. या संकल्पनेचे चरित्र सामान्यतः १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालापासून सांगितले जाते. या सांगण्यात आशिया-आफ्रिकेतील नवस्वतंत्र समाज बहुधा विद्यार्थ्याच्या बाकावर बसलेले दिसतात. संकल्पना अन्यत्र सिद्ध होते आणि ती त्यांच्यापर्यंत ‘पोहोचवली’ जाते. हा क्रम ऐतिहासिक दृष्ट्या टिकणारा नाही. माती, श्रम, शाळा आणि भाषा यांचा एकत्र विचार वसाहतींमध्ये आणि वसाहतोत्तर समाजांमध्ये कितीतरी आधी सुरू झाला होता. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली आणि लगेच पुढच्या वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वाहून जाणारी माती, ताली-बंधारे, जंगलखात्याने हिरावलेली चराई आणि शेतकऱ्यांच्या मुलांचे शिक्षण हे विषय एकाच युक्तिवादात गुंफले. मराठी वाचकाला म्हणूनच टांझानियाचे उदाहरण अगदी परके वाटू नये.

टांझानियाची निवड येथे विशेष कारणाने केली आहे. या देशाने शिक्षण, शेती आणि भाषा यांची सांगड अधिकृत धोरण म्हणून घातली. त्या धोरणाचा प्रणेता स्वतः शिक्षक आणि शेक्सपिअरचा अनुवादक होता. आणि त्या धोरणाचे जे झाले त्याची नोंद तेथील साहित्याने घेतली. तौलनिक साहित्याभ्यासकाला अशी सामग्री एका ठिकाणी क्वचितच मिळते.

आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे. मराठीत ‘शाश्वत विकास’ हा शब्दप्रयोग आता रूढ झाला आहे. ‘शाश्वत’ हा मूळचा अध्यात्माच्या प्रांतातला शब्द. अशाश्वत देहाच्या विरोधात उभा राहणारा. तो जमीन-पाण्याच्या नियोजनाला लावताना त्याच्यासोबत एक प्रकारची कालातीतता येते, जी मूळ संकल्पनेत नाही. हिंदीने ‘सतत’ आणि ‘टिकाऊ’ असे दोन पर्याय वापरून पाहिले; पैकी ‘टिकाऊ’ हा मराठी कानाला कापडदुकानातला वाटतो. स्वाहिलीतील प्रतिशब्द याहून उद्बोधक आहे : ‘माएन्देलेओ एन्देलेवू’. ‘माएन्देलेओ’ म्हणजे विकास आणि ‘एन्देलेवू’ म्हणजे टिकणारा, चालू राहणारा. दोन्ही शब्द ‘एन्देलेआ’ (पुढे जात राहणे) या एकाच क्रियापदापासून आलेले आहेत आणि त्याच्याही मुळाशी ‘एन्दा’, म्हणजे ‘जाणे’, हा धातू आहे. स्वाहिली भाषेच्या दृष्टीने जो चालू राहत नाही तो विकासच नव्हे. त्याला पुन्हा ‘चालू राहणारा’ असे विशेषण लावणे ही द्विरुक्ती ठरते. ज्या भाषांना हे विशेषण बाहेरून जोडावे लागले, त्यांच्या विकासकल्पनेत ते मुळात का नव्हते, हा प्रश्न त्या द्विरुक्तीतून आपोआप उपस्थित होतो.

ज्युलियस न्येरेरे यांचे ‘एलिमू या कुजितेगेमेआ’ हे निवेदन मार्च १९६७ मध्ये, म्हणजे अरुशा जाहीरनाम्यानंतर महिन्याभराने प्रसिद्ध झाले. या शीर्षकाचीही थोडी फोड करावी लागेल. ‘एलिमू’ हा अरबी ‘इल्म’चा स्वाहिली अवतार. ‘कुजितेगेमेआ’ हा मात्र अस्सल बांटू घडणीचा शब्द आहे : ‘तेगेमेआ’ म्हणजे विसंबणे, आधार घेणे, ‘जि’ म्हणजे स्वतःला, ‘कु’ हा क्रियापदाचे मूळ रूप दाखवणारा उपसर्ग. मराठीतील ‘स्वावलंबन’ या शब्दाची रचना नेमकी हीच आहे. आणि ज्या ‘शुले’मध्ये हे स्वावलंबन शिकवायचे, तो शाळेसाठीचा शब्द जर्मन आहे, जर्मन पूर्व आफ्रिका या नावाने हा प्रदेश ओळखला जात असे त्या काळाचा तो अवशेष होय. अरबी विद्या, जर्मन शाळा आणि बांटू स्वावलंबन एकत्र आणणाऱ्या भाषेला ‘शुद्ध देशी’ म्हणणे कठीण आहे. न्येरेरे यांना तशी गरजही वाटली नाही.

निवेदनाचा गाभा थोडक्यात असा. प्राथमिक शाळेतील जेमतेम तेरा टक्के मुलांना माध्यमिक शाळेत जागा मिळते. तरीही सारी प्राथमिक शाळा त्या तेरा टक्क्यांसाठी रचलेली आहे. उरलेल्यांच्या हाती नापास झाल्याची जाणीव तेवढी पडते. म्हणून प्राथमिक शिक्षण स्वयंपूर्ण असले पाहिजे, मुले थोड्या मोठ्या वयात शाळेत आली पाहिजेत, प्रत्येक शाळा ही अर्थव्यवहार करणारी वस्ती असली पाहिजे आणि तिच्याजवळ शेत किंवा कार्यशाळा असली पाहिजे. शेतात काय पेरायचे, उत्पन्नाचे काय करायचे, हे मुलांनी चर्चेने ठरवावे. खतांचे गुणधर्म, चराईचे नियमन, उतारावरील मजगी आणि मृदासंधारण हे विषय वर्गात शिकवले जात असतानाच शेतात आचरले जावेत. ब्रुंटलँड अहवालाच्या वीस वर्षे आधी एका राष्ट्राध्यक्षाच्या शैक्षणिक निवेदनात मृदासंधारण आले होते, ही गोष्ट शाश्वत विकासाच्या शिक्षणाच्या इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवी.

वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेची आणि झाकीर हुसेन समितीने आखलेल्या मूलोद्योगी शिक्षणाची आठवण येथे होणे साहजिक आहे. सात वर्षांचे, मातृभाषेतून दिलेले, हस्तोद्योगाभोवती गुंफलेले शिक्षण : साम्य स्पष्ट आहे. परंतु येथे प्रभावाचा माग काढत बसण्यापेक्षा समांतरता पाहणे अधिक फलदायी ठरते. दोन्ही योजनांवर एकच आक्षेप घेतला गेला आणि तो शिक्षणतज्ज्ञांइतकाच पालकांकडूनही आला. आमच्या मुलांच्या हाती पुन्हा चरखा आणि पुन्हा कुदळच का?

या प्रश्नाला टांझानियात विशेष धार होती. फेल्प्स-स्टोक्स आयोगाने १९२४ मध्ये पूर्व आफ्रिकेचा दौरा करून आफ्रिकी मुलांसाठी ग्रामीण जीवनाला ‘अनुरूप’, शेतीप्रधान शिक्षणाची शिफारस केली होती. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांसाठी हॅम्प्टन आणि टस्कीगी येथे जे घडवले गेले, त्याचा तो नमुना होता. त्यामुळे ‘जेंबे’, म्हणजे कुदळ, हे अवजार शाळेच्या आवारात आले ते दुय्यमत्वाची खूण म्हणून. मृदासंधारणाचेही तसेच. उलुगुरू डोंगरांत ब्रिटिश प्रशासनाने सक्तीने मजग्या घालायला लावल्या आणि १९५५ मध्ये त्याविरुद्ध दंगल उसळली. व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेस सुकुमा लोकांच्या प्रदेशात दुसऱ्या महायुद्धानंतर राबवलेल्या विकासयोजनेत जनावरांची सक्तीची कपात आणि शेतीचे नियम होते. त्या असंतोषावरच न्येरेरे यांच्या टानू पक्षाचे तेथील बळ वाढले. जमीन जपण्याची भाषा तेथील शेतकऱ्याने प्रथम ऐकली ती दंडाच्या हुकमातून. कुदळीला प्रतिष्ठेचे प्रतीक बनवण्याचा न्येरेरे यांचा प्रयत्न या पार्श्वभूमीवर धाडसाचा होता. पक्षाच्या चिन्हात कुदळ आली, पण पालकांच्या मनातील जुना अर्थ पुसला गेला असे दिसत नाही.

कारण भाषेच्या पातळीवर धोरण अर्ध्यावर थांबले. १९६७ पासून प्राथमिक शिक्षणाचे माध्यम सर्वत्र स्वाहिली झाले. माध्यमिक शाळेचे आणि विद्यापीठाचे माध्यम इंग्रजीच राहिले. म्हणजे स्वावलंबन, शेती आणि समूहभाव एका भाषेत; भौतिकशास्त्र, कायदा आणि नोकरी दुसऱ्या भाषेत. शाळेच्या शेतात मूल स्वाहिलीत बोलत होते आणि त्याचे पालक मनातल्या मनात इंग्रजी पायरी मोजत होते. शिक्षणविषयक राष्ट्राध्यक्षीय आयोगाने १९८२ मध्ये माध्यमिक स्तरावरही १९८५ पासून स्वाहिली आणण्याची शिफारस केली. शासनाने ती मान्य केली नाही. इंग्रजीच्या पक्षाला न्येरेरे यांचाही पाठिंबा होता, ही बाब त्यांचे अनुयायी सहसा मागे ठेवतात.

तरीही स्वाहिलीने जे साध्य केले ते मोठे आहे. १९६७ मध्ये प्रौढांपैकी साधारण एकतृतीयांश साक्षर होते. १९८६ मध्ये अधिकृत आकडा नव्वद टक्क्यांवर गेला. अधिकृत आकड्यांना नेहमीची सूट देऊनही ही झेप लहान नाही. साक्षरतेची पुस्तके पिकांनुसार काढली गेली : कापसाच्या मुलखात कापसावरचे वाचन, केळीच्या मुलखात केळीवरचे, सरोवराकाठी मासेमारीवरचे. १९७३ च्या ‘म्तू नि आफ्या’ (माणूस म्हणजेच आरोग्य) आणि १९७५ च्या ‘चाकुला नि उहाई’ (अन्न हेच जीवन) या मोहिमांत गावोगावी लोक रेडिओभोवती गट करून बसत, ऐकत, चर्चा करत आणि मग शौचकूप खणत किंवा भाजीपाला लावत. आज ज्याला सहभागी शिक्षण म्हणतात, त्याची ही आधीची पिढी.

साहित्याने या काळात दोन परस्परविरोधी कामे केली. मथायस म्न्याम्पाला यांनी रूढ केलेला ‘न्गोन्जेरा’ हा संवादी पद्यप्रकार शाळाशाळांतून अरुशा जाहीरनाम्याच्या प्रचारासाठी म्हटला जाऊ लागला. अडाणी प्रश्न विचारतो, जाणता उत्तर देतो आणि शेवटी अडाण्याचे मतपरिवर्तन होते. स्वतः न्येरेरे यांनी शेक्सपिअरचे ‘ज्युलियस सीझर’ १९६३ मध्ये आणि ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ १९६९ मध्ये स्वाहिलीत आणले. दुसऱ्या अनुवादाचे शीर्षक ‘माबेपारी वा वेनिसी’ असे आहे. ‘बेपारी’ हा शब्द हिंदी महासागरावरील व्यापारातून भारतीय ‘व्यापारी’चा बेपारी होऊन स्वाहिलीत गेला आणि न्येरेरे यांच्या काळापर्यंत त्याचा अर्थ ‘भांडवलदार’ असा झाला होता. शीर्षकातील एकवचनी व्यापारी अनुवादात अनेकवचनी भांडवलदार झाले. अनुवादकाची राजनीती इतक्या उघडपणे, एका प्रत्ययाच्या आधारे, क्वचितच दिसते.

याच्या उलट बाजूला यूफ्रेझ केझिलाहाबी (१९४४–२०२०) हे कादंबरीकार उभे आहेत. त्यांचा जन्म व्हिक्टोरिया सरोवरातील उकेरेवे बेटावरचा, मातृभाषा केरेवे, लेखन स्वाहिलीतले. ‘किच्वामाजी’ (१९७४) या कादंबरीतील विद्यापीठात शिकलेला नायक आपल्याच गावात परका होतो. ‘दुनिया उवान्जा वा फुजो’ (१९७५) राष्ट्रीयीकरणाच्या धोरणाशी भिडते, तर ‘गांबा ला न्योका’ (१९७९) मध्ये उजामा गावांच्या सक्तीचा विषय आहे. न्गोन्जेरातील जाणत्याला जी उत्तरे पाठ होती, ती या कादंबऱ्यांत प्रश्न होऊन परत येतात. शासनाने प्रतिष्ठित केलेल्या भाषेतच शासनाच्या शिक्षणाची समीक्षा लिहिली जाणे, हे स्वाहिलीकरणाचे कदाचित सर्वांत सुदृढ फलित मानावे लागेल.

‘उजामा’ हा शब्द कुटुंब, आप्त या अर्थाच्या ‘जमा’पासून आलेला, मराठीतील जमात आणि जमाव त्याचे दूरचे नातलग. आप्तभावाने एकत्र राहणे ही कल्पना १९६७ मध्ये स्वेच्छेची होती. नोव्हेंबर १९७३ मध्ये गावात राहणे हा आदेश झाला आणि १९७६ अखेरची मुदत ठरली. जेम्स स्कॉट यांच्या १९९८ च्या ग्रंथातील अंदाजानुसार किमान पन्नास लाख माणसे हलवली गेली. रस्त्यालगत सरळ रेषेत घरे, जवळ शाळा आणि दवाखाना. शाळेसाठी हे सोयीचे होते. जमिनीसाठी काय झाले, ते शिन्यांगात पाहायला मिळते.

शिन्यांगा हा सुकुमा शेतकरी-पशुपालकांचा कोरडा प्रदेश. त्सेत्से माशीच्या निर्मूलनासाठी ब्रिटिश काळात तेथील झाडी मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. पुढे कापसाखाली रान गेले, जनावरे वाढली. तरीही सुकुमा समाजाजवळ एक रीत होती : न्गिटिली. पावसाळ्याच्या तोंडाशी कुरणाचा एक भाग चराईला बंद करायचा, गवत-झुडूप वाढू द्यायचे आणि कोरड्या ऋतूत, बाहेरचे गवत संपल्यावर, तो उघडायचा. न्गिटिली कुटुंबाची असे तशी समूहाचीही. तिचे नियम लिहिलेले नव्हते. ‘दागाशिदा’ या पारंपरिक सभेत ते ठरत आणि मोडणाऱ्याला दंड होई. ही रीत घर आणि रान यांच्या जवळिकीवर अवलंबून होती. नजरेच्या टप्प्यात असलेले रान राखता येते. कोसभर दूर नेलेल्या घरातून ते राखता येत नाही. गावे हलली तशी न्गिटिली उघडी पडली. १९८० च्या दशकात शिन्यांगाला टांझानियाचे वाळवंट म्हटले जाऊ लागले. मृदासंधारण ज्या शाळेच्या अभ्यासक्रमात होते, ती शाळा नव्या गावात उभी होती आणि मृदासंधारणाची चालती रीत जुन्या जागी मोडून पडली होती.

येथे ‘देशी विरुद्ध परकी’ ही वसाहतोत्तर चर्चेतील नेहमीची जोडी अपुरी पडते. टांझानियात भाषांचे तीन थर आहेत. इंग्रजीच्या विरोधात स्वाहिली देशी आहे. सुकुमा मुलाच्या दृष्टीने स्वाहिलीही शाळेत येऊन शिकावी लागणारी राज्याची भाषा आहे. सुकुमा हा देशातील सर्वांत मोठा भाषिक समूह असूनही त्याची भाषा शाळेत नाही. स्वाहिलीने राष्ट्र बांधले, जमातींमधील वैर टाळले, हे श्रेय निर्विवाद. पण गवत केव्हा बंद करावे आणि केव्हा उघडावे हे ज्ञान ज्या शब्दांत होते, ते शब्द तिच्या पाठ्यपुस्तकात आले नाहीत. गडचिरोलीतील गोंडी किंवा मेळघाटातील कोरकू मुलाला मराठी शाळेत जे अनुभवाला येते, त्याच्याशी हे ताडून पाहता येईल. इंग्रजीपुढे मराठीची कैफियत मांडणारा अभ्यासक गोंडीपुढे मराठीच्या वतीने कोणत्या बाजूला उभा असतो, हे तपासण्याची सवय आपल्या समीक्षेला अजून फारशी नाही.

शिन्यांगात १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाचे नाव ‘हिफाधी अर्धी शिन्यांगा’, म्हणजे शिन्यांगाच्या भूमीची राखण. (‘हिफाधी’ ऐकताच ‘हिफाजत’ आठवावे, मूळ एकच.) सुरुवातीस भर रोपवाटिकांवर आणि बाहेरून आणलेल्या झाडांवर होता. लोकांना हवी होती ती ओळखीची देशी झाडे आणि त्यांचे जुने कुरण. प्रकल्पाच्या लोकांनी हे ऐकले, ही त्यातली निर्णायक घटना. १९८६ मध्ये नोंदलेली न्गिटिली सुमारे ६०० हेक्टर होती. प्रकल्प २००४ मध्ये संपला त्या सुमारास आठशेहून अधिक गावांत मिळून ती किमान तीन लाख हेक्टर झाल्याचे अंदाज आहेत. झाडे लावण्यापेक्षा बुंध्यांतून आणि मुळांतून ती पुन्हा फुटू देण्यावर हे काम उभे राहिले. दागाशिदा सभेला पुन्हा अधिकार आला. या यशाला काळी किनारही आहे : मोठ्या न्गिटिली बहुधा सधन कुटुंबांकडे आहेत आणि जनावरे नसलेल्या घराला त्यांचा लाभ कमी मिळतो. परंपरेचे पुनरुज्जीवन म्हणून या घटनेचा गौरव करणाऱ्यांनी हेही वाचले पाहिजे.

शिक्षणाच्या दृष्टीने शिन्यांगाचे वैशिष्ट्य असे की हे सारे शिक्षण शाळेबाहेर झाले. त्याच प्रदेशाजवळ, मालया येथे १९८२-८३ मध्ये पेनिना म्लामा, अमान्दिना लिहांबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांसोबत केलेल्या नाट्यप्रयोगांत सुकुमा नृत्यरूपांचा वापर करून गावाचे प्रश्न गावाच्याच अंगणात मांडले होते. सभा, नाच, कुरण : या तिन्ही ठिकाणी ज्ञानाचा व्यवहार सुकुमा भाषेत चालत होता आणि तिन्ही ठिकाणी प्रौढ माणसे शिकत होती. शाळेतील मूल मात्र आधी स्वाहिलीकडे आणि मग इंग्रजीकडे चालले होते.

न्गिटिली हा शब्द आता इंग्रजी अहवालांतून अनुवाद न होताच वावरतो. मराठीत तो आणायचा झाल्यास अडचण उभी राहते. ‘गायरान’ म्हटले तर मालकी गावाची आणि सरकारची, कुटुंबाची नव्हे. शिवाय ऋतूचे बंधन त्यात नाही. ‘चराईबंदी’त बंद करणे आहे, उघडणे नाही. ‘राखीव रान’ हा प्रतिशब्द सर्वांत जवळचा वाटतो, परंतु १८७८ च्या वनकायद्यानंतर ‘राखीव’ हे विशेषण जंगलखात्याचे झाले आणि त्यातून नेमका राखणारा गावकरीच बाहेर पडला. उरते ते खेड्यातील साधे क्रियापद, ‘गवत राखणे’. कोणी राखले आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हे त्याच्या पुढेमागे सांगावे लागते.